डावखुरी गाठ

आमची एक्केचाळीस नारळांची बाग होती, आणि दोन नारळ मागायला मी उर्सुला काकूच्या दारात उभी राहायचे.

"काकू, किसायला दोन नारळ होते का?"

"आमच्यात नारळच होतात बाई. हावेअर होत नाय," काकू म्हणायची आणि ढिगातले निवडून बारके दोन काढायची. "तुमचे तिथं पडून मोड येतायत, आमचे इथं पुरत नायत. देवाचं वाढणं तरी बघ कसं!"

मी हसायचे. पूर्वी खाली बघायचे, पण गेल्या वर्षापासून हसायला लागले होते, आणि काकूला तेच जास्त झोंबायचं.

हावेअर म्हणजे नारळाची कोवळी, पिवळी झावळी. ती झाडाला गुंडाळून गाठ मारली की जागा बंद. मग तिथलं पानसुद्धा कुणी उचलत नाही. चोर उचलत नाही, पाद्री उचलत नाही, पोरं कैऱ्या पाडतात तीसुद्धा लांबून वळसा घालून जातात. आणि ज्या हातानं गाठ बांधली, त्याच हातानं ती सोडायची. पाच वर्षांपूर्वी माझा बापा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर कामाला गेला. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं बागेच्या तोंडाशी, वाटेवरच्या पहिल्या माडाला हावेअर लावलं. त्याला भीती होती ती कोर्नेलिस काकाची. काका म्हणजे उर्सुला काकूचा नवरा, बापाचा चुलतभाऊ. बापाची पाठ वळली की त्याचा पाय बागेत पडणार, हे सगळं गाव जाणून होतं. मग गावात येऊन बापा चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "मी येईपर्यंत बागेला कुणाचा हात लागायचा नाय." एकच शब्द विसरला. 'घरचे सोडून' असं म्हणायला पाहिजे होतं. ते राहिलं. म्हणून बंदी आम्हालाही बसली.

पहिल्या वर्षी त्याचा एक निरोप आला. मग काही नाही. आई दर रविवारी प्रार्थना झाली की डोंगरावर जायची, कारण फोन लागतो तो फक्त तिथल्या पेरूच्या झाडाखाली. बापाचा नंबर लावला की एक बाई सांगायची, हा क्रमांक सध्या बंद आहे. आई तिचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. मधे कधी फोन ठेवायची नाही. मी एकदा म्हटलं, "आई, अगं ते भरून ठेवलेलं असतं, ती खरी बाई नाय." तर म्हणाली, "आवाज तरी ओळखीचा झालाय."

आमचं घर गावाच्या टोकाला. त्याच्यापुढं बाग, बागेपुढं खडक आणि समुद्र. वारा नसला की नारळ पडल्याचा आवाज घरात यायचा. धप्प. आईचा घास तेवढ्यापुरता थांबायचा. मग ती पुढं जेवायची.

यंदा पूर्वेचा वारा लवकर सुटला. होड्या वाळूत ओढून पालथ्या घातल्या, मासळी बंद झाली. आणि त्याच आठवड्यात रानडुकरं आमच्या कसाव्यात शिरली. आमचा कसावा कडू, विषारी. कंद किसायचा, पोत्यात भरून दगडाखाली दाबायचा, विषाचं पाणी गळून गेलं की उरलेल्या पिठाच्या एंबाल भाजायच्या. त्या आमच्या भाकऱ्या. एका रात्रीत डुकरांनी अर्धं रान उकरून ठेवलं. कच्चं विष खाल्लंय तर एक तरी डुक्कर मरेल म्हणून आम्ही आठवडाभर रानात नाक वर करून हिंडलो. एकही मेलं नाही. उलट परत आली.

आई कुंपणाच्या काठ्या पुन्हा रोवत होती आणि मी उरलेसुरले कंद गोळा करत होते.

"आई, जहाज कधी आहे?"

"तुला माहीत आहे."

"पुढच्या पुढच्या शुक्रवारी. त्याच्यानंतरच्या जहाजानं गेलं तर शाळेत नाव घेणार नायत."

आईनं काठीवर दगड हाणला. "कंद बघ नीट. अर्धा खाल्लेला पण घे, कापून टाकू तेवढा."

आमच्या गावात शाळा नववीपर्यंत. पुढची शहरात, जहाजानं एक दिवस आणि एक रात्र. तिथल्या सिस्टरांच्या वसतिगृहात सहा महिन्यांना दोन पोती सुकं खोबरं दिलं तरी चालायचं. गावातल्या दोन मुली तशाच गेल्या होत्या. माझ्याकडं एक्केचाळीस माड होते आणि खोबऱ्याचा तुकडा नव्हता.

मी जायचंच ठरवलं होतं. कारण सांगते. गेल्या ऑगस्टात झेंडावंदनाला मी झेंड्याच्या तुकडीत होते. त्याआधी मी बोलायचे ते आईच्या पदराला, लोकांना नाही. तालमीत झेंड्याची दोरी मी बांधली तर गुरुजी ओरडले, "ही काय गाठ आहे? उलटी! सेफा, तू डावखुरी आहेस ते सगळ्या गावाला दोरीवरून कळेल!" सगळी हसली. मला असा राग आला की मी म्हटलं, मग मला दोरी नको, मला हुकूम द्यायचं काम द्या. आणि दिलं की त्यांनी! सतरा तारखेला, आमच्या स्वातंत्र्यदिनी, मी 'साऽऽवधान' असं ओरडले की सरपंचांचा कुत्रासुद्धा ताठ उभा राहिला. त्या दिवसापासून माझा आवाज जो वर गेला तो खाली आलाच नाही.

गुरुवारी कोर्नेलिस काका घरी आला. हातात मोठा मासा होता. एवढ्या वाऱ्यात त्यानं तो कुठून आणला देव जाणे. काका वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तो ओट्यावर बसला, माशाची शेपटी पुसत बसला.

"वहिनी, मी तेते बोनींशी बोललोय."

तेते म्हणजे आजोबा. गावातले सगळे म्हातारे तेतेच, पण तेते बोनी म्हणजे जमिनीचे जाणते. कुणाची हद्द कुठं, कुणाची गाठ कुणाची, हे त्यांच्या तोंडून यायचं.

"पाच वर्षं झाली. बांधणारा हात कुठं आहे ते समुद्राला माहीत. घराण्यात आता वडील मी. रविवारी मी गाठ तोडतो. बाग मी बघतो. तुम्हा मायलेकींना खायला लागतील तेवढे नारळ माझ्याकडून. पोरीनं दारात यायला नको, मी पाठवून देईन."

"आणि खोबरं?" मी विचारलं.

"खोबऱ्याला कष्ट लागतात, नोना. ते बायकांचं काम नाय." नोना म्हणजे पोरी; मोठी माणसं मुलींना अशीच हाक मारतात.

आईनं मासा घेतला. तिखटमीठ लावून भाजला, आणि आम्ही दोघींनी डोकं, डोळे, सगळं चोखून खाल्लं. भूक फार निर्लज्ज असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बागेकडं गेले. हात लावायला बंदी असते, बघायला नसते. आत मोड आलेल्या नारळांचं रान माजलं होतं. पडला तिथं रुजला, रुजला तिथं वाढला. काही रोपं माझ्या खांद्याला लागली होती. त्यांना कुणी बांधलं नव्हतं, कुणी सोडवलं नव्हतं, तीच काय ती मजेत होती.

पहिल्या माडाची गाठ माझ्या डोक्याच्या वर होती. पिवळी पानं कधीच गळून गेलेली, उरली होती ती काळी, पिळाची दोरी. पाच वर्षांत मी तिच्याकडं हजारदा बघितलं असेल. पण गाठीकडं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. वळसा उजवीकडून डावीकडं गेला होता. दोनदा. टोक खालून वर खोचलेलं.

गुरुजींचा आवाज कानात आला. ही काय गाठ आहे? उलटी!

मग सगळंच आठवलं. बापाचा उजवा अंगठा. आदल्या रात्री गळ घुसून फाटलेला, फडकं बांधलेलं. त्याला एका हातानं गाठ मारता येईना. त्यानं मला खांद्यावर घेतलं होतं. मला तेवढंच लक्षात राहिलं होतं, त्याच्या केसांचा धुराचा वास आणि खांद्यावरून दिसलेला समुद्र. माझे हात काय करत होते ते मी विसरूनच गेले होते. दहा वर्षांची होते मी!

मी धावतच घरी आले. आई पडवीत कसावा किसत होती.

"आई! ती गाठ माझी आहे!"

"हळू."

"अगं बापाचा अंगठा! गळ घुसला होता! मला खांद्यावर घेतलं आणि मी बांधली! माझा हात आहे, म्हणजे मी सोडू शकते, काकाला तोडायची गरजच नाय, जहाजाआधी दोन पोती सहज..."

"सेफा." तिची किसणी थांबली नव्हती. "मी तिथंच उभी होते. कुणी बांधली ते मला माहीत आहे."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणाली ते.

"पाच वर्षं?"

तिनं कीस गोळा करून पोत्यात टाकला.

"पाच वर्षं मी काकूच्या दारात..."

"मी गेले असते तर तिनं मला एकच दिला असता. तुला दोन देते."

"आई!"

तेव्हा ती थांबली. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते, ते तिनं तसेच मांडीवर ठेवले. "गाठ आहे तोवर लोक विचारतात मला, पास्कालिस कधी येणार? विहिरीवर विचारतात, प्रार्थनेला विचारतात. सुटली की कोण विचारणार? मी लांबच्या तानिम्बार बेटावरची. ह्या गावात माझं माणूस म्हणजे तो, आणि त्याच्यानंतर तू. तुला त्या खोबऱ्यात जहाज दिसतं. मला पण दिसतं. फक्त त्यात तू बसलेली असतेस आणि मी वाळूत."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. मी सावधान म्हटलं की कुत्री ताठ होतात. पण मी पोत्याचं तोंड धरलं, तिनं दगड ठेवला, आणि आम्ही दोघी खालून गळणाऱ्या विषाच्या पाण्याकडं बघत बसलो.

शेवटी मी म्हटलं, "रविवारी मी बोलणार नाय. तू बोललीस तरच."

"चांगलं," आई म्हणाली.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे बागेच्या तोंडाशी जमले. तेते बोनींना खुर्ची आणली होती. काका नवा शर्ट घालून आला होता, कोयता धार लावून चकचकीत. काकूनं रिकामी पोती सुद्धा आणली होती, घडी घालून, काखेत.

"कुणाचं काही म्हणणं?" तेतेंनी विचारलं.

मी दातांत ओठ धरला. इतका घट्ट की रक्ताची चव आली. आई माझ्या शेजारी होती, तिची नजर पायांवर. काका माडाजवळ गेला. एका हातानं खोड धरलं. कोयता वर केला.

"थांबा, भावोजी."

आवाज इतका बारीक होता की आधी लोकांना वाटलं मीच बोलले. पंधरा वर्षांत आईनं ह्या गावाच्या सभेत तोंड उघडलं नव्हतं. तिच्या बोलण्याला तानिम्बारचा हेल आहे. मागं दोन बायका फिसकन हसल्या, तशी तिची मान लाल झाली. तरी ती पुढं गेली.

"ती गाठ ह्यांची नाय. ह्या पोरीची आहे. ह्यांचा अंगठा फाटला होता."

"आज आठवलं व्हय!" काकू म्हणाली.

"रोज आठवत होतं," आई म्हणाली. "आज बोलले."

तेते बोनींना डोळ्यांनी आता कमी दिसतं, बोटांनी दिसतं. दोन जणांनी त्यांना उचलून माडाशी धरलं. ते गाठ चाचपत राहिले, आंधळा माणूस बाळाचा चेहरा चाचपतो तशी. मग खाली येऊन त्यांनी माझ्या हातात दोरीचा तुकडा दिला.

"बांध, नोना. माझ्या काठीला."

मी बांधली. गाठ हातांना विचारत नाही, आपली होते तशी होते. तेतेंनी ती चाचपली.

"गावात डावखुरं आणखी कोण?"

"कोर्नेलिसचा बोकड!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला.

काकाचा कोयता अजून हातातच होता. "तेते, दहा वर्षांच्या पोरीची गाठ म्हणजे काय गाठ झाली?"

"पाच वर्षं तू बाहेर थांबलास ना रे?" तेते म्हणाले. "मग झाली की."

मला दोघांनी वर धरलं. दात लावायचे नाहीत, लोखंड लावायचं नाही, असा नियम. गाठ दगडासारखी झाली होती. माझी दोन नखं तुटली. माणसं कंटाळली, बिड्या पेटल्या, पोरं पळापळी खेळायला लागली. आणि मग एकदम ती माझ्या हातातच चुरली, काळ्या भुश्यासारखी. बापाच्या खांद्यावरून जिथं समुद्र दिसला होता तिथंच मी होते. समुद्र होता. त्यावर काही नव्हतं.

परत जाताना आईला कुणीही विचारलं नाही, पास्कालिस कधी येणार म्हणून.

मग बारा दिवस आम्ही माणसं नव्हतो. मी माडावर चढायचे. खालून जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "अगं, पोरीची जात, उतर खाली!" आणि मी वरून विचारायचे, "मावशी, पाडू का एक डोक्यावर?" आई खाली सोलायची. जमिनीत रोवलेल्या टोकदार पहारीवर नारळ आपटायचा, पिरगाळायचा, सोडण निघून बाजूला. आपट, पिरगाळ. तिसऱ्या दिवशी तिचं मनगट सुजलं, तिनं झावळीची पात गुंडाळली आणि चालू ठेवलं. मी फोडायचे, वाट्या बागेतल्या माचाणावर पालथ्या मांडायचे, खाली सोडणांचा धूर. डोळ्यांतून इतकं पाणी यायचं की रडायला वेगळं काही करावं लागायचं नाही. मला वाटतं दोघींनी त्याचा फायदा घेतला.

एका दुपारी आईनं मोड आलेला एक नारळ फोडला. आत पाण्याच्या जागी पांढरा, लुसलुशीत गोळा भरला होता. तिनं अर्धा मला दिला. गोड होता, थोडा साबणासारखा.

"तुझ्या बापाला फार आवडायचा," ती म्हणाली. "आवडायचा." दुसऱ्यांदा तो शब्द तिनं जरा थांबून म्हटला, चाखून बघितल्यासारखा.

दोन पोती भरली. शुक्रवारी सकाळी जहाज खडकाबाहेर येऊन उभं राहिलं. ते किनाऱ्याला लागत नाही, होडीनं जावं लागतं. माझी पोती, पत्र्याची पेटी, एंबालचं गाठोडं होडीत गेलं. आई म्हणाली, "चल, आधी बागेत."

तिच्या हातात कोवळी, पिवळी झावळी होती.

"तीसेक नारळ सोललेले उरलेत, ते राहू देत तू येईपर्यंत. ही बांध. तुझा हात लागला की तुला यावंच लागेल."

मी झावळी घेतली. वळसा डावीकडं नेला, आणि माझे हात थांबले.

"नको, आई."

तिचा चेहरा असा झाला की मी घाईघाईनं म्हटलं, "म्हणजे एकटीनं नको! तू ते टोक धर."

"असं नसतं."

"तेतेंनी कुठं म्हटलंय, एकाच हातानं बांधायची म्हणून? धर."

तिचा सुजलेला उजवा आणि माझा डावा. दोघींची ओढ उलटसुलट, गाठ इतकी बेढब झाली की गुरुजींनी तिला झेंडा काय, शेळीसुद्धा बांधू दिली नसती. मी तिला बजावून सांगितलं, "आता तुझ्या हातानं पण सुटते. भूक लागली तर सोड. काकू बोलली तर तिच्या देखत सोड. कुणाच्या दारात जायचं नाय. कळलं?"

"हुकूम देते," आई म्हणाली. पण तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला. तिच्या हाताला धुराचा वास होता.

होडीनं लाटा चढत मला जहाजाला लावलं. दोरीच्या शिडीवरून चढले, कठड्याशी जागा धरली. वाळूत आई दिसेल म्हणून डोळे ताणले. बायका होत्या, पोरं होती, कुत्रा होता. आई नव्हती. एवढंसुद्धा थांबली नाही? भोंगा झाला, नांगर वर आला, गावाचं टोक फिरायला लागलं, आणि मी माझ्या त्या मोठ्या आवाजात "आईऽऽ" अशी हाक मारली. शेजारचे मासेवाले दचकले. किनाऱ्यावर कुणाची मान हलली नाही.

मग बाग समोर आली, आणि माडांच्या शेंड्यांमधून धूर वर येताना दिसला. दाट, पांढरा, सोडणांचा धूर. आमच्याच माचाणाचा. आत गेल्याशिवाय तो पेटत नाही, आणि गाठ सोडल्याशिवाय आत जाता येत नाही.

आमची गाठ अर्धा तासही टिकली नव्हती.

मी हसायला लागले. मासेवाल्यांतला एक म्हणाला, "पोरी, रडतेस का हसतेस?" मी म्हटलं, "धूर गेला डोळ्यांत." तो किनाऱ्याकडं बघायला लागला, एवढ्या लांबून कसा जाईल म्हणून.